बाकाच्या टोकाची मुलगी

१

बुधवार म्हणजे डॉक्टर सिव्हर्टच्या घरी पोराटोरांचा दिवस. खाडीवरचं धुकं जरा पातळ झालं की होड्या धक्क्याला लागायच्या आणि आया आपापल्या पोरांना ओढत, दटावत, काखोटीला मारून चढ चढून यायच्या. घर डॉक्टरच्या वडिलांनी बांधलेलं, आणि वडीलही डॉक्टरच. जेवणाची मोठी खोली बुधवारपुरती दवाखाना व्हायची. टेबल भिंतीला लागायचं, लांब बाक खिडकीखाली यायचा, पोरं ओळीने बसायची आणि डाव्या बाह्या खांद्यापर्यंत वर जायच्या. आयांना मात्र या खोलीत मज्जाव. त्यांनी स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून कॉफी प्यायची. नस्तर, ती टोचायची बारीक सुरी, बघितली की पोरांपेक्षा आयाच मोठ्याने गळा काढतात, असं वडिलांचं म्हणणं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण नियम त्यांचाच चालू होता.

देवीची लस तेव्हा बाटलीतून येत नसे. ती एका पोराच्या दंडातून दुसऱ्या पोराच्या दंडात जायची. या बुधवारी टोचलेल्या पोराला फोड यायचा, पुढच्या बुधवारी तो पिकायचा, मधे खळगी पडून मोत्यासारखा तुकतुकायचा. त्यातलं पाणी नस्तराच्या टोकावर घ्यायचं आणि नव्या पोरांना टोचायचं. पुढच्या बुधवारी त्यांच्या फोडांतून पुढच्यांना. ही साखळी सिव्हर्टच्या वडिलांपासून चालत आली होती. एक खेप चुकली की संपलं, मग शहरातून नवी लस येईपर्यंत थांबायचं.

इतकी पोरं हाताखालून गेली, पण सिव्हर्टला तोंडं म्हणून लक्षात राहायची नाहीत. राहायचे ते दंड. खाडीपलीकडच्या कोळ्याची बायको बेरित तोंडाची भारी फटकळ. ती म्हणायची, "डॉक्टर, माझं पोर चर्चमध्ये समोर आलं तर ओळखायचे नाहीत तुम्ही. पण बाही वर केली की लगेच, अरे, हा तर बेरितचा थोरला!"

सगळ्या हसायच्या. सिव्हर्टही हसायचा. खरंच होतं ते.

२

मग थंडीतलं वादळ आलं आणि लागोपाठ दोन बुधवार वाया गेले. होडी पाण्यात घालायची कुणाची छाती होईना. खाडी निवळल्याबरोबर सिव्हर्ट स्वतः वल्ही मारत निघाला, घरोघर हिंडला, दिसेल त्या पोराची बाही वर केली. सगळीकडे खपल्या धरलेल्या. काचेच्या पट्ट्यांमध्ये वाळवून ठेवलेली थोडी लस होती, ती दोन पोरांना टोचून पाहिली. काही उमटलं नाही. शहराला निरोप धाडला, तर खाडीच्या तोंडाशी बर्फ धरलेलं, आगबोट आत येईना.

आणि नेमक्या त्याच सुमाराला सेल्विकला देवी आल्या. सेल्विक काही लांब नाही. डोंगराच्या नाकाला वळसा घातला की आलंच. तिथे पहिली मयतं झाली तेव्हा चर्चची घंटा इथवर ऐकू आली. सिव्हर्ट अंगणात लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि घरात गेला.

त्याची बायको रॅगना दारातच उभी होती.

"थोराला टोचलेलं नाही," ती म्हणाली.

थोरा त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची, किरकिरी, नाक सदा वाहतं, थंडी पडली की खोकला.

"मला ठाऊक नाही का ते?"

"ठाऊक आहे म्हणून तर सांगतेय. साऱ्या मुलखाची पोरं टोचत हिंडलास आणि घरातली तेवढी राहिली."

"तूच म्हणालीस ना, खोकला जाऊ दे, उन्हं पडली की टोचू म्हणून?"

"मी आई आहे. डॉक्टर तू आहेस! माझं ऐकलंस कशाला?"

सिव्हर्ट शेगडीपाशी जाऊन बसला. आत थोरा लापशी नको म्हणून भोकाड पसरत होती. एरवी त्या रडण्याने त्याचं डोकं उठायचं. आज त्याला वाटलं, हिने असंच रडत राहावं, दिवसभर रडावं, वर्षभर रडावं, फक्त राहावी.

३

बुधवारी आया आल्याच. लस नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं, तरी आल्या. बेरितने धाकट्याला पुढे ढकललं. आज तिच्या तोंडाला थट्टा नव्हती.

"काहीतरी करा डॉक्टर. नुसतं ओरखडा काढा हवं तर. पण घरी असंच पाठवू नका."

सिव्हर्टच्या मनात तेच होतं. कोरडं नस्तर लावायचं आणि टोचलं म्हणायचं. आया तेवढ्या दोन रात्री झोपतील. ही फसवणूक त्याला आतून कुरतडत होती, पण दुसरं हातात काय होतं? त्याने खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं. पोरं ओळीने बसली होती, रॅगनाने थोरालाही बसवलं होतं, त्यांच्यात शेवटी. तो नेहमीसारखा मान खाली घालून एकेक दंड बघत निघाला. कोरा. कोरा. खपली. कोरा. थोराचा, काडीसारखा, कोरा.

आणि थोराच्या पलीकडे, बाकाच्या अगदी टोकाला, आणखी एक दंड.

राखाडी लोकरीची बाही व्यवस्थित वर दुमडलेली, आणि दंडावर फोड. पिकलेला, गोल, मधे खळगी. पाठ्यपुस्तकात काढून दाखवावा असा.

सिव्हर्ट तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

मग डोकं चालू झालं. मागल्या बुधवारी टोचलंय कुणाला? कुणालाच नाही. मग हा फोड आला कुठून? उत्तरेकडून कुणाकडे पाहुणे आले असतील. तिकडे चर्चचे सेवकसुद्धा टोचतात. हो, तसंच असणार. माणसाला कारण हवं असलं की कुठून तरी मिळतंच. त्याने नस्तर पुसलं आणि फोडाला लावलं. पाणी आलं, स्वच्छ, काचेसारखं. पोरगी जागची हलली नाही. रक्ताचा ठिपका नाही. दंड गार होता, पण असणारच. धुक्यातून होडीत बसून आल्यावर काय ऊबदार असणार?

एका फोडात पाच-सहा पोरांचं भागतं. हा रिता होईना. त्याने अख्खी ओळ टोचली, तरी तो तसाच टवटवीत. सगळ्यांत शेवटी थोराला टोचलं. ती किंचाळली, त्याच्या हातावर नाक पुसलं आणि "बाबा वाईट आहे," म्हणाली. सिव्हर्टला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

४

त्याने दार उघडलं. "मिळाली! लस मिळाली!"

स्वयंपाकघरात एकच गलका झाला. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी रॅगनाच्या गळ्यात पडलं. बेरित तर डॉक्टरच्या पाठीत धपाटाच घालती झाली.

"अगं, पण ती टोकाची मुलगी कुणाची?" तो म्हणाला. "तिच्या आईचे पाय धरायचेत मला."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"टोकाला तर तुमची थोराच होती की," बेरित म्हणाली. "मीच तर बसवून आले सगळ्यांना."

"थोराच्या पलीकडे गं."

"थोराच्या पलीकडे भिंत आहे, डॉक्टर."

तो परत खोलीत गेला. बाकाचं टोक भिंतीला भिडलेलं होतं. शेवटी थोरा बसली होती, दुसऱ्या बाजूच्या पोराला खेटून, आणि तिच्या नि भिंतीच्या मधे मांजर मावेल एवढी जागा होती.

"थोरा, तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"ती."

"ती कोण?"

"ती सरक म्हणाली. मी सरकले," थोरा म्हणाली आणि टोचलेल्या जागी फुंकर घालू लागली.

गडबडीत निघून गेली असेल, स्वतःच्या पायांनी, खोलीच्या मागच्या दाराने. सिव्हर्टने मागचं दार पाहिलं. त्याला आतून कडी होती.

५

सिव्हर्टची आई, मारेन, वरच्या खोलीत असायची. गुडघ्यांमुळे जिना उतरणं तिने सोडून दिलं होतं. तो वर गेला तेव्हा ती मोजा विणत होती. त्याने आनंदाची बातमी सांगितली, आणि जाता जाता सांगावं तसं त्या मुलीचंही सांगितलं. सुया थांबल्या.

"राखाडी बाही?"

"हो. तू ओळखतेस तिला?"

"फोड पिकलेला होता?"

"अगदी हवा तसा. आई, कुणाची आहे ती?"

"तुझ्या बाबांच्या वेळीही यायची," म्हातारी म्हणाली. "नेहमी नाही. साखळी तुटली की यायची. बाबा तिला ओलांडून पुढे जायचे."

सिव्हर्टला राग आला. असल्या गोष्टींचा त्याला लहानपणापासून तिटकारा. "आणि पोरं? लसीवाचून पोरांचं काय व्हायचं?"

"काही जगली. काही गेली. तुझा थोरला भाऊ गेला."

"स्वतःचा मुलगा जात होता, समोर पिकलेला फोड होता, आणि बाबा ओलांडून गेले?"

"गेले. मी त्यांना किती बोलले म्हणून सांगू! वर्षभर एका ताटात जेवले नाही. शेवटी एकदा म्हणाले, मारेन, मी तिची नाडी पाहिली होती. बस, एवढंच. पुढे कधी त्यावर बोलले नाहीत." तिने मान वर करून मुलाकडे पाहिलं. "तू पाहिलीस का रे?"

सिव्हर्टने फक्त दंड धरला होता. म्हातारीने विणकाम बाजूला ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

६

फोड सगळ्यांना आले. एकही टोचणी फुकट गेली नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. देवी डोंगराला वळसा घालून गावात शिरल्या, दोन म्हातारी माणसं गेली, एक खलाशी गेला, पण त्या बाकावरच्या एकाही पोराला साधा पुरळ उठला नाही. लोक डॉक्टरच्या दारात सुकवलेले मासे, लोण्याचे गोळे आणून ठेवू लागले.

ताप मात्र कुणालाच आला नव्हता. फोडाभोवती लाली नाही, सूज नाही. पोरांचे दंड गार.

दुसऱ्या आठवड्यात खपली धरायला हवी होती. धरली नाही. तिसऱ्यातही नाही. फोड जसाच्या तसा, आजच पिकल्यासारखा. आया आपणहून सांगू लागल्या, आधी कौतुकाने आणि मग आवाज खाली आणून. पोरगं हट्ट करत नाही. पोरगं मारामारी करत नाही. बाही खाली घेऊ देत नाही. बुधवार उजाडला की स्वतःच होडीत जाऊन बसतं.

आणि खरंच, दर बुधवारी पोरं यायची. कुणी बोलावलेलं नसताना बाकावर ओळीने बसायची, बाह्या वर करून, समोर बघत. थोरा त्यांच्यात जाऊन बसायची. कुणी चुळबुळ करत नसे. सिव्हर्ट दाराबाहेर उभा राहून कान द्यायचा. पोरांनी भरलेल्या खोलीचा म्हणून जो आवाज असतो, तो नव्हताच.

"खोकला गेला तिचा," रॅगना आधी म्हणाली होती. हरखून म्हणाली होती. आता ती सिव्हर्टला गाठून वेगळंच सांगू लागली.

"काल दारात बोट चेमटलं तिचं. नख काळंनिळं झालं. ती नुसती बघत बसली रे बोटाकडे. मीच रडले शेवटी."

"मोठी होतेय."

"सिव्हर्ट, मला वेड्यात काढू नकोस. तिच्या कपाळाला ओठ लावलेत का तू एवढ्यात?"

लावले होते. कपाळ गार होतं. आणि तेवढंच नव्हे. आदल्या दुपारी तिला खिडकीपाशी घेऊन त्याने मनगटावर बोटं ठेवली होती. बराच वेळ ठेवली होती. काहीतरी ठणकत होतं, पण ते तिच्या मनगटात की त्याच्याच बोटांत, हे त्याला, इतक्या वर्षांच्या डॉक्टरला, सांगता येईना. थोरा शांतपणे त्याचं होईपर्यंत थांबली आणि मग बाही वर करून भिंतीकडे बघत बसली. सिव्हर्ट गोठ्यात गेला, गाईच्या पोटाला डोकं टेकलं आणि पोरासारखा रडला.

७

बर्फ सुटलं, आगबोट आली, खरी लस आली. आता त्या फोडांची गरज नव्हती. सिव्हर्टने ठरवलं, जाळून टाकायचे. डॉक्टरकडे फोड जाळायची खाराची कांडी असते, ओली करून टेकवली की कातडी आधी पांढरी पडते, मग काळी, आणि झोंबतं म्हणजे असं झोंबतं की मोठा माणूस शिव्या घालतो. पहिली थोरा. आपल्या पोरीवर जे करायची हिंमत नाही ते लोकांच्या पोरांवर कसं करणार?

"तिला बाकावर बसव आणि तू स्वयंपाकघरात जा," त्याने बुधवारी सकाळी रॅगनाला सांगितलं.

"मरेल का रे ती?"

"माहीत नाही."

निदान खोटं तरी बोलायचं! पण त्याच्याने तेही झालं नाही. रॅगनाने मान हलवली आणि थोराचा हात धरून गेली.

थोड्या वेळाने त्याने खोलीत शिरून दार लावलं. पोरं बसली होती. धुक्याने खिडकी पांढरी झाली होती, आत उजेड असा नव्हताच. तो मान वर न करता सरळ टोकाला गेला. निळी बाही, रॅगनाने विणलेली. काडीसारखा दंड, फोड. त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं, पोरांना धरायची त्याची रीत होती तसंच, पाठ आपल्या छातीला, हात काखेत आवळून, डोकं हनुवटीखाली. केस गार होते.

"जरासं झोंबेल हं, बाळा. बाबा आहे ना."

त्याने कांडी टेकवली.

फोड पांढरा पडला. काही नाही. त्याने कांडी तशीच दाबून धरली, दात आवळून, डोळे मिटून. आणि ती किंचाळली. अंगातून कळ गेल्यासारखी ताठ झाली आणि मोठ्याने, गळा फाडून रडू लागली. त्याच्या हातावर पाणी पडलं. कढत पाणी! तिचं अंग तापत चाललं होतं, हातात जाणवत होतं.

"रड! रड गं माझ्या राणी! अजून रड!" सिव्हर्ट तिला घट्ट धरून झुलू लागला. ती वळली, त्याच्या गळ्यात हात टाकले, तोंड त्याच्या कॉलरमध्ये खुपसलं. "बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "मला कुणाला देऊ नको."

"नाही देणार! कुणाला देणार?"

दार उघडलं. "कोण रडलं?" रॅगनाचा आवाज.

"थोरा! अगं, आपली थोरा रडली!"

"थोरा माझ्यापाशी आहे," रॅगना म्हणाली. "माझा जीवच झाला नाही रे तिला सोडायचा. दूध पाजत बसले होते."

सिव्हर्टने वर पाहिलं. रॅगनाच्या हाताला धरून एक पोर उभी होती. निळा स्वेटर, बाही वर, फोड. चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. कितीतरी दिवस तो हाच चेहरा बघत आला होता, आणि त्या चेहऱ्याची त्याला आता भीती वाटत होती. इथे मांडीवर त्याची पोर उन्हासारखी गरम होती, रडत होती, बाबा म्हणत होती. कुठला बाप काय निवडेल?

"ती नव्हे ती," तो म्हणाला. "ती बाकावरची आहे. काढ तिला घराबाहेर."

"सिव्हर्ट! अरे, पोटची पोर आहे!"

"काढ म्हणतो ना!"

दारातल्या पोरीने बापाकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ हळूच पुढे आला, थरथरला, आणि तिने भोकाड पसरलं. नाक वाहू लागलं. तिच्या पाठोपाठ बाकावरचं पहिलं पोर रडायला लागलं, मग त्याच्या शेजारचं, मग बेरितचा धाकटा, मग अख्खी ओळ. आया नियम मोडून आत घुसल्या. "रडला गं माझा सोन्या, रडला!" कुणी हसतंय, कुणी मुके घेतंय. रॅगना थोराला उचलून ओरडत होती, "गरम आहे रे! सिव्हर्ट, हात लावून बघ, कशी गरम झालीय!"

मांडीवरची तेवढी आता रडत नव्हती.

सिव्हर्टच्या मानेपासून खाली गारठा उतरत गेला. त्याने तिचे हात सोडवायला पाहिले. ते आणखी आवळले.

"डॉक्टर, असे वाकून का बसलात?" बेरित म्हणाली. "पाठीत भरलं की काय?"

कुणालाच दिसत नव्हतं. बाक आता रिकामा होत होता, पोरं आयांच्या कडेवर होती, आणि थोरा आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे हात पसरून बोलावत होती.

"रॅगना, तिला घेऊन जा," तो पुन्हा म्हणाला. "होडीत बसव. बेरितकडे राहा. दार ओढून घे."

रॅगनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. तिने पोरीला उराशी धरलं आणि दार ओढून घेतलं.

अंगणातून, मग धक्क्यावरून, मग पाण्यावरून थोराची हाक येत राहिली, बाबा, बाबा. सिव्हर्टच्या ओठांवर ओ आली होती. त्याने दिली नाही. दिली असती तर त्या मांडीवरचीनेही ऐकली असती, आणि ती थोराच्या मागे गेली असती.